डोक्यावरचा सिमेंटचा पत्रा: फोडू नका, जपून उतरवा

काशीमिऱ्यापासून भाईंदर पश्चिमेपर्यंत आपल्या वस्त्यांत पावसाळ्याआधी गळके पत्रे बदलायची घाई सुरू होते. करड्या रंगाचे जुने सिमेंटचे पत्रे हातोड्याने फोडून खाली टाकले जातात. धोका नेमका तिथेच आहे. या पत्र्यांत सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात. पत्रा फुटला, कापला, घासला की ते हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुततात. त्यातून दम लागणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. आजार बहुधा वीस-तीस वर्षांनी दिसतो, म्हणून त्याचा पत्र्याशी संबंध कुणी जोडत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो.

पत्रा धड असेल तर घाबरू नका. त्याला भोके पाडू नका, शेवाळ ब्रशने खरवडू नका. खालून पीव्हीसीचे छत लावायचे असल्यास चौकट भिंतींना ठोका, पत्र्याला नाही.

पत्रा काढायचाच असेल तर:

• मुले, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे यांना दूर ठेवा. भांडी, पाणी, अंथरूण झाका.
• पत्र्यावर आधी पाणी शिंपडा. हूक सोडवून पत्रा अख्खा, हातोहात उतरवा.
• तोंडाला रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क लावा.
• झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा.
• तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. ते गल्लीतल्या खड्ड्यात भरू नका. कुठे द्यायचे ते प्रभाग कार्यालयात विचारा.

नवे छप्पर घेताना अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला किंवा रंगीत लोखंडी पत्रा मागा. पन्नासहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस अजून विकले जाते.

छपरावर चढणारा नाक्यावरचा मजूर बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या हक्कांसाठी काम केले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. म्हणून मजुराला मास्क द्या, त्याला घाई करू नका. पूर्वी असे काम केलेल्या कुणाला दम लागत असेल, खोकला जात नसेल तर त्यांना पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्या आणि आधी काय काम केले ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जय भीम!