खडीच्या हिशेबात न मावणारे स्फटिक

नाशिक जिल्ह्यात रत्नांची खाण म्हणावी अशी एकही खाण नाही. तरीही पांडवलेणी परिसरातल्या दगडखाणीतले हिरवे अपोफिलाईट आणि पिवळसर पॉवेलाईट जगभरच्या संग्राहकांना नावानिशी ठाऊक आहेत. असे नमुने बघायचे, तर सिन्नरजवळ माळेगावला 'गारगोटी' हे खास खनिजांचं संग्रहालय आहे.

ही संपत्ती दख्खनच्या काळ्या पाषाणातली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून स्टिल्बाईट, ह्युलँडाईट, स्कोलेसाईट यांचे स्फटिक वाढले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेमार्ग खोदला गेला, तेव्हा निघालेले नमुने युरोपात पोहोचले. अलीकडे पुण्याजवळच्या वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साईटने तशीच कीर्ती मिळवली.

पण स्फटिकांसाठी इथे कुणी खाण घेत नाही. खाण असते खडीची. स्फटिक सुरुंगाबरोबर किंवा विहीर खोदताना अवचित हाती येतात. अपोफिलाईट एका दिशेने सहज दुभंगतो, ओकेनाईटचे केसासारखे तंतू नुसत्या स्पर्शाने चेपतात. पोकळी दिसल्यावर काम थांबवून छिन्नी-हातोडीने दगड सोडवावा लागतो. क्रशर मात्र थांबत नाही, आणि थांबवला तर मजुराची रोजी बुडते. त्यामुळे कितीतरी स्फटिकांची खडी होते.

वाचलेल्या नमुन्याची वाटही अवघड. दगड हे कायद्याने गौण खनिज, आणि खडीच्या दगडाची रॉयल्टी ब्रासवर मोजली जाते. हातभर दगडावरच्या सुंदर स्फटिकाला त्या हिशेबात वेगळी जागा नाही. पुढच्या पोकळीची खात्री नसल्याने बँकेपुढे तारण म्हणून दाखवायलाही काही नसतं. मग छोटा व्यावसायिक मोठ्या व्यापाऱ्याच्या उचलीवर जगतो. अमेरिकेतल्या टूसानच्या किंवा जर्मनीतल्या म्युनिकच्या खनिज मेळ्यात लागणारा भाव खाणीतल्या माणसाच्या कानावरही येत नाही. हात बदलताना नेमक्या खाणीचं नाव गळालं, तर अभ्यासकाच्या लेखी नमुन्याचं निम्मं मोल जातं.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. डोंगर पोखरले जात असताना ते योग्यच होतं. स्फटिकांसाठी नवे डोंगर फोडावेत, असं कुणीच म्हणू नये. जे सुरुंग लागणारच आहेत, त्यांतून निघणारं नीट वाचवावं.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. खाणपट्ट्याच्या परवान्यात स्फटिकांची वेगळी नोंद आणि ते काढण्यासाठी सोपी परवानगी असावी. शोधणाऱ्या मजुराचा विक्रीत ठरलेला वाटा असावा. आणि नमुना कुठल्या गावच्या, कुठल्या खाणीतला, हे तो निघाला त्याच दिवशी लिहिलं जावं. यासाठी मोठं भांडवल लागत नाही. लागते ती खनिकर्म विभागाची इच्छा आणि भूशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांची साथ. हे झालं, तर दगड फोडणाऱ्या हातांना रोजीपलीकडचं काही मिळेल, आणि तो त्यांचा हक्कच आहे.