घामाला पत मिळते तेव्हा

कॅलिफोर्नियातली टुलेरी काउंटी सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पसरली आहे. दूध, संत्री आणि द्राक्षं यांच्या जोरावर शेतीउत्पन्नात अमेरिकेतल्या अग्रगण्य काउंट्यांत तिची गणना होते. 2020च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे 4 लाख 73 हजार भरली. त्यात निम्म्याहून अधिक लोक लॅटिनो वंशाचे, आणि शेतात राबणारे हात बहुतांशी त्यांचेच. एवढी संपत्ती पिकवणाऱ्या माणसांना राहायला घर कसं मिळतं, हा प्रश्न इथे जुना आहे.

1930च्या दशकात दुष्काळ आणि मंदीने देशोधडीला लागलेली कुटुंबं या परिसरात आली. त्यांच्यासाठी सरकारने लिनेल आणि वुडव्हिल इथे छावण्या उभारल्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकणाऱ्या या भागात पत्र्याच्या खोल्यांत माणसं राहत होती. 1965 सालीही मजूर त्याच खोल्यांत होते. त्यात भाडं वाढलं, तेव्हा त्यांनी भाडं भरायचंच नाकारलं. शेतमजुरांच्या चळवळीतला हा एक महत्त्वाचा लढा.

घरासाठी सरकारी कर्जाची वाट त्याआधीच खुली होती. 1949च्या गृहनिर्माण कायद्यातलं कलम 502 आजही ग्रामीण घरकर्जाचा कणा आहे. त्याच्या दोन शाखा आहेत. एकीत बँक कर्ज देते आणि केंद्रीय कृषी खातं हमी घेतं. त्यासाठी उत्पन्न परिसरातल्या मध्यक उत्पन्नाच्या 115 टक्क्यांपर्यंत चालतं. दुसरीत खातं स्वतः कर्ज देतं. ते उत्पन्न 80 टक्क्यांच्या आत असलेल्यांसाठी. सुरुवातीला हातची रक्कम भरावी लागत नाही, मुदत 33 वर्षांची, गरज पडल्यास 38 वर्षांची, आणि अनुदान धरून व्याज 1 टक्क्यापर्यंत उतरू शकतं. मात्र परवडेल असं कर्ज दुसरीकडे मिळत नसेल, तरच हा दरवाजा उघडतो. शिवाय नियमित उत्पन्न आणि फेडीचा स्वच्छ इतिहास दाखवावा लागतो. हंगामापुरतं काम मिळणाऱ्या मजुराची कसोटी इथेच लागते. घर ग्रामीण भागातच हवं, म्हणून काउंटीचं मुख्य शहर व्हिसेलिया यात बसत नाही.

या नियमांतून वाट निघाली ती व्हिसेलियाजवळच्या गोशेन या वस्तीतून. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला क्वेकर पंथीयांच्या एका सेवासंस्थेने तिथे काही शेतमजूर कुटुंबांना हाताशी धरून त्यांचीच घरं बांधून घेतली. त्या प्रयोगातून 1965 साली ‘सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस’ ही संस्था उभी राहिली. पद्धत आपल्याकडच्या सावडीसारखी. दहा-बारा कुटुंबांचा गट, बांधकाम जाणणारा एक पर्यवेक्षक, आणि प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला साधारण चाळीस तास द्यायचे. दिवसभर बागेत राबून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पाया खणायचा, चौकटी उभ्या करायच्या, रंग द्यायचा. जवळपास 65 टक्के श्रम कुटुंबांचे स्वतःचे. सगळ्यांची घरं पूर्ण झाल्याखेरीज कुणीही राहायला जायचं नाही. मजुरीत वाचलेला पैसा हेच त्यांचं भांडवल. या मार्गाने संस्थेने परिसरात सहा हजारांहून अधिक घरं उभी केली आहेत.

पण घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. 2014च्या दुष्काळात काउंटीतल्याच ईस्ट पोर्टरव्हिलमधल्या शेकडो घरांच्या उथळ विहिरी आटल्या. अंगणात टाक्या बसवून टँकरने पाणी भरावं लागलं. पुढे शेजारच्या पोर्टरव्हिल शहराच्या जलवाहिनीला सातशेहून अधिक घरं जोडण्यात आली. पाणी असलं तरी ते पिण्याजोगं असेलच असं नाही. खतं आणि गोठ्यांतल्या शेणामुतातून नायट्रेट भूजलात उतरतं. सुरक्षित पाण्याची सोय नसेल, तर त्या घरावर कलम 502चं कर्ज मिळत नाही. नियम रास्तच आहे, पण पाणी बिघडवणारे एक आणि त्यापायी अपात्र ठरणारे दुसरे, हा अन्याय त्यातून सुटत नाही.

घर आहे पण छप्पर गळतं, अशांसाठी कलम 504 आहे. अत्यल्प उत्पन्न असलेल्या घरमालकाला 1 टक्का व्याजाने 40 हजार डॉलरपर्यंत कर्ज, आणि 62 किंवा त्याहून अधिक वयाच्या वृद्धांना धोके दूर करण्यासाठी 10 हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळतं. यातल्या कशालाही कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रं लागतात. शेतावरच्या मजुरांपैकी मोठ्या हिश्श्याकडे तीच नाहीत.

पैशाचं वाटपही बोलकं आहे. 2024च्या आर्थिक वर्षात साऱ्या देशासाठी हमीच्या कर्जांची मर्यादा 25 अब्ज डॉलर होती, तर थेट कर्जांची 1 अब्जापेक्षाही कमी. म्हणजे ज्याला बँक दारात उभं करते त्याच्यासाठी रस्ता रुंद, आणि ज्याला करत नाही त्याच्यासाठी पाऊलवाट.

गरिबाकडे तारण नसतं, पण श्रम असतात आणि शब्द पाळण्याची धमक असते. त्यांच्या बळावर कर्ज देता येतं, हे टुलेरीने साठ वर्षांपूर्वी सिद्ध केलं. ग्रामीण गृहनिर्माणाचा गंभीरपणे विचार करणाऱ्या कोणत्याही सरकारने थेट कर्जाची तरतूद वाढवावी, नळाचं पाणी घराच्या हिशोबातच धरावं आणि सावडीने बांधणाऱ्या गटांना जमीन मिळवून द्यावी. पीक काढणाऱ्या माणसाला त्याच मातीत हक्काचं छप्पर मिळणं, ही मेहरबानी नव्हे, त्याच्या श्रमाचं देणं आहे.