तारेची लांबी आणि संगणकाचे गणित

घरातील दिव्याची तार हातभर असली काय किंवा दहा हात असली काय, दिव्यास त्याचे काहीच वाटत नाही. आपल्याकडील विजेची कंपने सेकंदास ५० असून तिच्या एका लहरीची लांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. त्या मानाने घरातील तार म्हणजे केवळ बिंदूच होय. वाय-फायच्या यंत्रात मात्र कंपने सेकंदास २४० कोटी होतात, व हवेतील लहर साडेबारा सेंटीमीटरांवर येते. ज्या हिरव्या फलकावर तांब्याच्या पट्ट्या कोरून सर्किट तयार करतात, त्यावर ती आणखी आखडून सातेक सेंटीमीटर उरते. तिच्या चतुर्थांशाइतक्या, म्हणजे पावणेदोन सेंटीमीटरांच्या पट्टीचे एक टोक मोकळे सोडले, तर दुसऱ्या टोकाशी ती जणू जमिनीस जोडल्याप्रमाणे वागते!

अर्थात येथे सुटे भाग बदलून पाहण्याची दुरुस्तीवाल्याची युक्ती फारशी चालत नाही. आकृतीच चुकली तर फलक नवाच करावा लागतो. पूर्वी फिलिप स्मिथ यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या वर्तुळाकार आलेखावर कंपास घेऊन हे गणित करीत. पुढे ते काम संगणकाकडे गेले, परंतु नामांकित आज्ञावलींचे परवाने लाखांच्या घरात. वर्धेलगतच्या सावंगी (मेघे) येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने घरी बसून अँटेना आखावयाची म्हटल्यास हा खर्च त्यास कसा झेपावा?

ही अडचण परदेशीही होतीच. अमेरिकेत कॅलटेक येथे डेव्हिड रटलेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास ‘पफ’ ही लहानशी आज्ञावली विद्यार्थ्यांसाठी अल्प मोलात काढली. आज ‘क्यूक्स’ व ‘ओपनईएमएस’ या विनामूल्य मिळतात. पहिली पट्ट्यांचे गणित करते, दुसरी अवकाशातील विद्युत्क्षेत्रच मोजून दाखविते. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ हीही विनामूल्य दिली आहे. मात्र तिचा उपयोग मुख्यतः साध्या सर्किटांस.

फुकटचे ते हलके, असा समज येथे करून घेऊ नये. स्वस्त एफआर-४ फलकाचा पारविद्युत अंक ४.२ पासून ४.७ पर्यंत कोठेही असू शकतो. ४.२ धरून आखलेली अँटेना ४.७ च्या फलकावर उतरली, तर तिचा सूर शंभराहून अधिक मेगाहर्ट्झने खाली घसरतो. आणि या वाय-फायचा पट्टाच मुळी ८३ मेगाहर्ट्झच्या आसपास रुंद! येथे लाखाची आज्ञावलीही तितकीच चुकेल, कारण खोटा अंक तिलाही खोटेच उत्तर देण्यास लावतो.

यास्तव आधी त्याच फलकाच्या तुकड्यावर मोकळ्या टोकाची एक पट्टी कोरावी. ‘नॅनो-व्हीएनए’ हे तळहाताएवढे मापनयंत्र काही हजार रुपयांस मिळते. त्यावर पट्टी कोणत्या कंपनसंख्येस लहर अडविते ते पाहावे, त्यावरून फलकाचा खरा अंक काढावा, आणि तो आज्ञावलीस दिल्यावरच तिच्याकडे अँटेनेची मापे मागावीत.