पाहुणचाराची जपानी रीत

क्योटो येथील तेनऱ्यू-जी हे झेन मंदिर १३३९ साली स्थापन झाले. त्याच्याजवळच्या एका लहानशा भोजनगृहात आम्ही उभयता दुपारी पोहोचलो, तेव्हा पाच दिवस घरून नेलेल्या खाकऱ्यांवरच निर्वाह चालला होता. 'शोजिन ऱ्योरी' हे तेथील बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतील भोजन. त्यात मांस-मासळी नसते, कांदा-लसूणही वर्ज्य. परंतु मुळा, गाजर, कमळकंद आणि अळिंबी यांचा वापर सर्रास होतो. कन्येने जपानीत लिहून दिलेली चिठ्ठी मी संकोचानेच पुढे केली. वृद्ध मालकीणबाईंनी ती दोनदा वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून खात्री करून घेतली आणि त्या आत गेल्या. अर्ध्या तासाने ताट आले: कोंबू या समुद्री वनस्पतीचे सूप, टोफू, तिळाचे कूट लावलेला पालक, शिजवलेला भोपळा आणि वाफाळता भात. काड्यांशी झगडणाऱ्या सौभाग्यवतींपुढे न मागता चमचाही ठेवला गेला.

जपानी लोक जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हणतात. पाहुण्यासाठी केलेल्या धावपळीचा अर्थ त्या शब्दात दडलेला आहे. निघताना आम्ही हात जोडून तोच शब्द उच्चारला. आमचा नियम त्या माउलीला त्या दिवसापर्यंत ठाऊकही नव्हता; तरी तिने तो मोडू दिला नाही.