ऑफिसचं काम सांभाळून

पॅरिसच्या लेओं गोमाँ यांच्याकडे आलिस गी ही तरुणी सेक्रेटरी होती. १८९५ साली तिने ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पाहिली. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, बस्स! यात गोष्ट हवी, असं तिला वाटलं. मालकांनी परवानगी दिली, पण ऑफिसचं काम अडता कामा नये, या अटीवर. (नोकरी करणाऱ्या आपल्या भगिनींना ही अट ओळखीची वाटेल.) पुढे १९०७ पर्यंत गोमाँ कंपनीचे मूकपट तिच्याच देखरेखीखाली तयार होत. इतिहास लिहिला गेला तेव्हा मात्र तिचे कितीतरी चित्रपट पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर गेले. उतारवयात ती स्वतःच्या चित्रपटांच्या याद्या करत बसली, इतिहासकारांच्या चुका दाखवत राहिली. आठवणीही लिहून ठेवल्या. १९६८ मध्ये ती वारली. पुस्तक निघालं १९७६ साली.