लहान दीर्घिकांतील ताऱ्यांची निर्मिती

“नवे तारे अजूनही जन्मास येतात काय?” असा प्रश्न चौथीच्या वर्गात निघाल्यास शिक्षकांनी निःशंकपणे ‘होय’ म्हणावे. मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली हिवाळ्याच्या रात्री जो धूसर ठिपका दिसतो, तेथे हे कार्य आजही चालू आहे. माण अथवा जत तालुक्यातील वाडीवस्तीवर, जेथे दिव्यांचा झगमगाट बेताचा आहे, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मुलांस तो अवश्य दाखवावा.

मात्र ही निर्मिती सर्वत्र एकाच गतीने होत नाही. तारे हायड्रोजन वायूच्या थंड ढगांतून घडतात. ताऱ्यांचा व वायूचा अफाट समूह म्हणजे दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेत हे काम सामान्यतः संथपणे चालते. लहान दीर्घिकांची रीत निराळी आहे. कृष्णा कोयनेच्या पाण्याने बारमाही वाहते, तर जतकडील ओढे पावसानंतर दुथडी भरून पुढे महिनोन्महिने कोरडे राहतात, तसा हा भेद समजावा. लहान दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण दुबळे असते. तेथे एकदम पुष्कळ तारे जन्मले की त्यांतील अतिजड तारे थोड्याच दशलक्ष वर्षांत स्फोट पावतात आणि त्या धक्क्याने उरलेला वायू दूर फेकला जातो. कच्चा माल संपला, काम थांबले! कालांतराने वायू थंडावून पुन्हा आत ओढला जातो व नवी लाट येते. (ओढ्याची उपमा येथेच सोडावी, गेलेले पाणी परत येत नाही, हे चाणाक्ष मूल लगेच दाखवून देईल.)

आता, अशा चढउतारास कोट्यवधी वर्षे लागत असता तो ओळखावयाचा कसा? शाळेस वर्षातून एकच दिवस भेट देणाऱ्या अधिकाऱ्यासारखी ही अडचण आहे, आणि ती मी चांगली जाणतो. अशा वेळी आजची हजेरी महिन्याच्या सरासरीशी ताडून पाहावी लागते. खगोलशास्त्रज्ञही तेच करतात. अतिजड ताऱ्यांनी प्रज्वलित केलेल्या हायड्रोजनचा तांबडा प्रकाश सुमारे १ कोटी वर्षांतच मावळतो. अतिनील प्रकाश मात्र सुमारे १० कोटी वर्षे टिकतो. अतिनीलाच्या मानाने तांबडा प्रखर असेल तर नुकतीच लाट आली आहे. क्षीण असेल तर ती ओसरली आहे.

या अभ्यासात आपल्या शेजारच्या पुण्याचा वाटा मोठा आहे. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने ११ लहान दीर्घिका न्याहाळण्यात आल्या. त्या १३० ते २८० कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचे कनक साहा व तेजपूर विद्यापीठाचे अंशुमन बोरगोहाइं यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केल्याप्रमाणे, त्यांच्या बाहेरच्या कडेस तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश आढळला. म्हणजे त्या दीर्घिका अद्याप वाढत आहेत.

याउलट उदाहरणही मिळाले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या ‘जेम्स वेब’ दुर्बिणीस एक लहान दीर्घिका अशी दिसली की, विश्वारंभानंतर अवघ्या ७० कोटी वर्षांच्या सुमारास तिच्यातील ताऱ्यांची निर्मिती थांबलेली होती. ती कायमची थांबली, की पुढे वायू परतून पुन्हा सुरू झाली, हे त्या एका दर्शनावरून ठरविता येत नाही.