जिथे निवड, तिथे 'एलिगंट'

कपड्यांच्या दुकानाची पाटी असो, मंगल कार्यालयाची जाहिरात असो की कुणाच्या फोटोखालचं कौतुक, 'एलिगंट' हा इंग्रजी शब्द आपल्याकडे सर्रास दिसतो. अर्थ विचारला तर 'सुंदर, डौलदार' असं उत्तर मिळतं, आणि तेवढ्या भांडवलावर मुलं वाक्य करतात: 'द वॉटरफॉल वॉज व्हेरी एलिगंट.' व्याकरणात चूक काढायला जागा नाही, तरी वाक्य कानाला खटकतं. गुण कापून मोकळं होण्यापेक्षा ते का खटकतं हे मुलांना सांगायला हवं, कारण त्या खटकण्यातच या शब्दाचं मर्म आहे.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'एलिगेरे' म्हणजे निवडून काढणं. 'इलेक्शन' हा शब्दही त्याच क्रियापदापासून आला. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो, की केटो या जुन्या रोमन मुत्सद्द्याच्या काळी कुणाला लॅटिन 'एलेगान्स' हे विशेषण लावणं ही स्तुती नव्हती. पोशाखाचे नको इतके चोचले करणाऱ्याला तो टोला असे. पुढे अर्थ पालटला आणि नेमकी, जाणती निवड करणाऱ्यासाठी तो शब्द गौरवाचा झाला.

आजच्या इंग्रजीतही ही निवड शब्दाच्या पोटात शिल्लक आहे. कुणीतरी विचार करून हवं ते ठेवलं, नको ते काढलं, आणि उरलं ते डौलात उभं राहिलं, अशा ठिकाणी 'एलिगंट' शोभतो. पेहराव, घराची सजावट, हस्ताक्षर, इमारत, लेखनशैली, पत्राचा मायना या सगळ्यांना तो चालतो. धबधबा मात्र काही निवडत नाही, तो कोसळतो. त्याला 'मॅग्निफिसंट' म्हणा. पावसाळ्यातल्या सह्याद्रीच्या कड्यांना 'मॅजेस्टिक' म्हणा. निसर्गातही चालीत किंवा बांध्यात रेखीवपणा असेल, तर हा शब्द बसतो: हंसाची मान, हरणाची चाल, बगळ्याची झेप. गोंडस बाळाला तो लावू नये. तिथे 'क्यूट' किंवा 'लव्हली' पुरे. चमचमीत मिसळीलाही नको. पानावरच्या नेटक्या मांडणीला 'एलिगंट' म्हणता येईल, पण चवीला 'डिलिशस'च म्हणायचं.

त्याचा सख्खा शेजारी म्हणजे 'एक्स्क्विझिट'. त्याचंही मूळ लॅटिन, अर्थ कसून शोधून काढलेलं. पण त्याचा रोख बारीक, अवघड कारागिरीवर असतो. दोन साड्या शेजारी ठेवून पाहा. पैठणीच्या पदरावरचे मोर रंगीत धागे एकमेकांत गुंतवून असे विणलेले असतात, की उलट बाजूही सुलट बाजूइतकीच स्वच्छ दिसते. ते काम 'एक्स्क्विझिट'. बारीक काठाची, अंगभर एकच रंग असलेली साधी सुती साडी नीट नेसलेली असेल, तर ती 'एलिगंट'. पहिलीत हाताचं कसब डोळ्यात भरतं, दुसरीत संयम. 'एक्स्क्विझिट' तर वेदनेलाही लागतो. डॉक्टर 'एक्स्क्विझिट टेंडरनेस' म्हणतात, तेव्हा हात लावताच रुग्ण कळवळावा इतकी तीव्र दुखरी जागा त्यांना अभिप्रेत असते.

'एलिगंट'चा सगळ्यात चोख वापर मात्र गणितात होतो. 1 ते 100 या आकड्यांची बेरीज करायची आहे. एकेक आकडा मिळवत गेलं, तरी उत्तर बरोबरच येईल. पण पहिला आणि शेवटचा आकडा जोडा: 1 अधिक 100 म्हणजे 101. मग 2 अधिक 99, तेही 101. अशा 50 जोड्या. 101 गुणिले 50 म्हणजे 5050. पुढे थोर गणिती झालेल्या लहानग्या गाउसची म्हणून ही युक्ती सांगितली जाते. इंग्रजीत तिला 'ॲन एलिगंट सोल्यूशन' म्हणतात. केवळ अचूक उत्तराला हा मान मिळत नाही. थोडक्या पायऱ्यांत पोहोचलो आणि उत्तर असंच का येतं तेही उलगडलं, म्हणून तो मिळतो.

वाक्यात वापरताना काही गोष्टी सांभाळाव्यात. स्वरानं सुरुवात असल्यानं आधी 'ॲन' येतो: 'शी वोअर ॲन एलिगंट साडी.' तुलनेसाठी 'मोअर एलिगंट'. क्रियेबद्दल बोलायचं तर 'एलिगंटली': 'ही राइट्स एलिगंटली.' 'एलिगन्स' हे नाम आहे, त्यामुळे जाहिरातीतलं 'एलिगन्स लुक' चुकीचं. 'एलिगंट लुक' हवं. आणि प्रभावी वक्त्याचं भाषण 'एलोक्वंट' असतं. उच्चार जवळचे असले, तरी अर्थ वेगळे आहेत.

आणखी एक सावधगिरी. एच. डब्ल्यू. फाउलर आणि त्यांच्या भावानं 1906 मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' हे पुस्तक काढलं. त्यात 'एलिगंट व्हेरिएशन' हे नाव एका दोषाला दिलं आहे: तोच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून उगाच पर्यायी शब्द पेरत जाणं. एकाच खेळाडूला पहिल्या वाक्यात नावानं, दुसऱ्यात 'धडाकेबाज फलंदाज', तिसऱ्यात 'मुंबईचा वीर' म्हणणारं वार्तांकन आठवा. वाचकाला क्षणभर वाटतं, ही तीन माणसं आहेत. निबंधात शब्द पुन्हा आला म्हणून मुलांना टोकणाऱ्या शिक्षकांनी हा दोष जरूर ध्यानात घ्यावा. अर्थासाठी तोच शब्द लागत असेल, तर तो बेलाशक पुन्हा लिहू द्यावा.

इंग्रजीत 'सिम्पल बट एलिगंट' असं पुष्कळदा म्हटलं जातं, आणि ते चूक नाही. तरी मुलांना मी 'सिम्पल अँड एलिगंट' लिहायला सांगेन. 'बट' म्हटलं की साधेपणा हे जणू वैगुण्य ठरतं. हे विशेषण तर साधेपणाच्या पायावरच उभं आहे. ते लिहिण्याआधी एवढंच विचारावं, की इथे कुणी काय वगळलं? उत्तर सापडलं तर शब्द खुशाल वापरावा. नाही सापडलं, तर 'ब्यूटिफुल' आहेच, आणि त्यात काही कमीपणा नाही.